इंपीरियल थिएटरचे बारा झरोके

मी, युफेमिया मॅकआयझॅक, लॉकलन मॅकआयझॅक सुताराची विधवा, सगळं गाव जिला एफी म्हणतं ती, वय एकोणसत्तर, धंदा आधी कपडे धुणं, मग तिकिटं फाडणं, सध्या खोकणं, राहणार ग्रेलिंग लँडिंग, युकॉन नदीच्या काठी, इंपीरियल थिएटरच्या तिकीटखिडकीमागच्या दोन खोल्यांत, आज शनिवारी सकाळी स्वतःच्या हातानं हे लिहून ठेवते. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. छातीत पाणी झालंय, ते अजून डोक्यापर्यंत चढलेलं नाही. खात्री म्हणून समोर बसलेल्या पोस्टमास्तर हाउगेनना मी बाराचा पाढा उलटा म्हणून दाखवला. त्यांना सरळसुद्धा येत नाही, त्यामुळे बरोबर की चूक ते काही बोलले नाहीत.

याआधीची माझी सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत. दोन होती. दोन्ही रागात लिहिली होती आणि दोन्हींनी शेगडी छान पेटली.

कलम पहिलं, माझा देह. आपल्याकडे हिवाळ्यात जमीन दगडासारखी होते, म्हणून गाव दरवर्षी सप्टेंबरातच दोन खड्डे खणून ठेवतं. यंदाचा एक नदीकडे आहे, एक शाळेमागे. नदीकडचा मला हवा. हाउगेन यांचाही त्याच्यावर डोळा आहे, हे मला ठाऊक आहे. रविवारी ते तिथं उभं राहून लांबी बघत होते. जो आधी जाईल त्याचा, असं आम्ही ठरवलंय, आणि शर्यतीत मी पुढं आहे.

कलम दुसरं. शिवणयंत्र, कढया, अस्वलाचं कातडं आणि खाण्यापिण्याचं जे शिल्लक असेल ते माझी शेजारीण एलायझा सायलस हिला. बटाटे आधी वापर, त्यांना कोंब यायला लागलेत.

कलम तिसरं. पहिल्या रांगेतली मखमली गादी हाउगेन यांना. एकोणीसशे चारच्या नाताळात या थिएटरात मी आयुष्यात एकदाच स्टेजवर उभी राहून गायले, आणि पहिल्या रांगेत बसून हा माणूस जांभई देत होता. पन्नास वर्षांत त्यानं माफी मागितली नाही. आत्ताही विचारलं, तर म्हणतात, "एफीबाई, मी जांभई देत नव्हतो, आ वासून ऐकत होतो." बघा, हे असं आहे. तरी गादी त्यांनाच. आता घरी बसून जांभया द्याव्यात.

कलम चौथं, म्हणजे खरं काम. या इमारतीचं काय करायचं. त्याआधी ती काय आहे ते लिहिते, कारण ज्याच्या हातात ती जाईल त्याला ठाऊक असायला हवं, आणि ज्याच्या हातात जाणार नाही त्याला तर नक्कीच.

इंपीरियल थिएटर एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटच्या उन्हाळ्यात ऑटो क्रेझ नावाच्या दारूवाल्यानं चाळीस दिवसांत उभं केलं. गावात तेव्हा सोन्यासाठी आलेली आठ हजार माणसं होती आणि सगळ्यांना घाई होती. ओली लाकडं, समोरून संगमरवरासारखा रंगवलेला फळ्यांचा दर्शनी भाग, आत भिंतींना कापड. जागा इथल्या मूळच्या नदीकाठच्या लोकांची, एलायझाच्या आजीची मासे वाळवायची. क्रेझनं तिला विचारलं नाही. ती शेजारीच तंबू टाकून बसली आणि इमारत कशी चाललीय ते रोज बघायची.

मी एकोणीसशे दोनमध्ये आले, अठरा वर्षांची, दूर पूर्व किनाऱ्यावरच्या केप ब्रेटनच्या मासेमारांच्या खेड्यातून, शाळेची चार पुस्तकं शिकून. नट्यांचे घागरे धुवायचे आणि सकाळी नाट्यगृह झाडायचं, हे माझं काम. पगार कमी, पण झाडणाऱ्याचा एक हक्क होता: केर त्याचा. खाणवाले खुशीत आले की गाणाऱ्या बाईच्या पायाशी सोन्याचे खडे फेकत. खडे बाई उचलायची. पण पिशव्यांतून सांडलेली सोन्याची पूड फटींत जायची. मी केर परातीत घेऊन नदीवर धुवायचे. चार वर्षं रोज धुतला. एक चिमूटही सोडली नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

लॉकलन तिथलाच सुतार. त्यानं मला लग्नात एक ब्रोच दिला, मधोमध सोन्याचा खडा. खड्याचा आकार अगदी बदकाच्या डोक्यासारखा, चोचीसकट. हेही लक्षात ठेवा.

एकोणीसशे आठच्या हिवाळ्यात क्रेझला वाटलं, प्रेक्षकांचे पाय गारठतात. त्यानं फरशीखाली बॉयलर बसवला. बाहेरून आलेला माणूस हीच चूक करतो. आपल्याकडे इमारत पायावर उभी नसते, गोठलेल्या मातीवर उभी असते. माती गोठलेली आहे तोवर ती लोखंड. तिला ऊब दिली की चिखल. दोन महिन्यांत स्टेजची डावी बाजू हातभर खचली आणि बाई गाता गाता घसरून ढोलवाल्याच्या मांडीवर गेली. लोकांना वाटलं, प्रयोगातच आहे. फार टाळ्या पडल्या.

एलायझाची आजी दारात येऊन पोट धरून हसली. मग लॉकलनला म्हणाली, "पोरा, घर उबदार ठेव, जमीन थंड ठेव. दोघांची गाठ घालू नकोस." तिनंच त्याला शिकवलं. लॉकलननं बॉयलर काढला, स्टेजखालची माती खणून काढून कोरडी खडी भरली, आणि जोत्याला चहूबाजूंनी बारा झरोके पाडले. ऑक्टोबरात थंडी सुरू झाली की ते उघडायचे, म्हणजे सगळा हिवाळा फरशीखालून वारा वाहतो आणि माती खोलवर गोठते. एप्रिलअखेर शेवाळ कोंबून बंद करायचे, म्हणजे उन्हाळा आत शिरत नाही. क्रेझ त्याच वर्षी शेवटच्या बोटीनं पळाला. जाताना इमारत लॉकलनला दोन कुत्रे आणि एका घसरगाडीच्या बदल्यात दिली. कुत्रे चांगले होते. आम्हीच फसलो असं गाव म्हणालं.

तेव्हापासून रंगमंचाच्या मधल्या तुळईला लॉकलनचा पितळी ओळंबा टांगलेला आहे. दरवर्षी पहिल्या जूनला त्याच्या टोकाखाली तो एक खिळा ठोकायचा. तो गेल्यावर मी ठोकते. पंचेचाळीस वर्षांत सगळे खिळे एका वाटीखाली झाकले जातात, एवढीच ही इमारत हलली. वाटीच्या बाहेर चार बोटांवर एक खिळा लाल रंगवलेला आहे. ओळंबा त्याच्यावर गेला की मधला खांब बैठकीवरून सुटणार आणि छत खाली येणार. लॉकलननं मोजून काढलं होतं, आणि त्याची मापं चुकत नसत.

आज सकाळी ओळंबा लाल खिळ्यापासून नखभर अंतरावर आहे.

कलम पाचवं. हे माझा मुलगा डंकन याच्याबद्दल आहे. लिहायला अवघड जातंय, म्हणून हाउगेनना चहा करायला उठवलंय.

डंकन बेचाळीस वर्षांचा आहे. वीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या खाणींवर काढली, पायाची दोन बोटं थंडीत गमावली, लग्न केलं नाही. सप्टेंबरात परत आला. मला म्हणाला, "आई, तू आहेस तोवर फळीलासुद्धा हात लावणार नाही. त्यानंतर मात्र स्टेज उचकटणार. खाली सोनं आहे, मला माहितेय."

ऑक्टोबरात मी तापानं अंथरुणाला खिळले होते. बाहेर ठोकाठोक ऐकू आली. विचारलं तर म्हणाला, "वाऱ्याच्या फटी बुजवतोय. तुझे पाय गार पडतात ना." मी त्याला पोरा, गुणाचा रे, असं म्हटलं. जानेवारीत चार नंबरच्या बॉक्सचं, म्हणजे खासगी बैठकीचं, दार लागेना, तेव्हा काठी टेकत स्टेजवर गेले आणि ओळंबा बघितला. त्यानं बाराही झरोके फळ्या ठोकून बंद केलेत. हिवाळाभर खालची माती गोठलीच नाही. मऊ राहिली की एप्रिलात खणायला सोपी, असा त्याचा हिशोब. मी तोवर टिकत नाही, हाही त्याचा हिशोब, आणि तो काही चुकीचा नाही.

विचारलं तर म्हणाला, "थिएटर तसंही पडणारच आहे, आई. नाटक नाही, सिनेमा नाही, गावात सात माणसं. तू कुणासाठी धरून बसलीस?"

एलायझा आणि तिचा नवरा काल जंगलातून सापळे आवरून परतले. ती म्हणाली, "एफी, सांग, आत्ता जाऊन फळ्या काढते." मी नको म्हटलं. तू आज काढशील, तो उद्या पुन्हा ठोकेल. त्याच्याच हातानं निघायला हव्यात. आज निघाल्या तर अजून सहा आठवडे कडक थंडी मिळेल, माती पुन्हा धरेल. पुढच्या शनिवारपर्यंत ओळंबा लाल खिळ्यावर गेलेला असेल, मग काढून काही उपयोग नाही.

कलम सहावं, कबुली. डंकनला ते सोनं मीच दाखवलं.

एकोणीसशे अठरा साल. गाव ओस पडलं होतं आणि उरलेली माणसं सरपणासाठी रिकामी घरं तोडून जाळत होती. बँक जाळली, दोन हॉटेलं जाळली, मग गावसभेनं इंपीरियलवर नजर टाकली. सोमवारी फळ्या काढायला येतो, असं अध्यक्षांनी टोपी काढून सांगितलं. लॉकलनचं तोंड उतरलं. मी मात्र रविवारी आपल्या नदीवरची जुनी लबाडी केली. वठलेली खाण विकायची असली की लोक आदल्या दिवशी तिथं आपलंच सोनं टाकून ठेवतात. त्याला आपण पेरणी म्हणतो. मी माझ्याच थिएटरात पेरणी केली. ब्रोच मी क्वचितच लावायचे, त्यामुळे तो कुणाच्या ध्यानात नव्हता; त्यातला खडा लॉकलनकडून काढून घेतला आणि स्टेजच्या फटीतून आत ठेवला.

सोमवारी सभा हत्यारं घेऊन आली. मी म्हटलं, "थांबा, पोराचा भोवरा आत गेलाय, तेवढा काढू द्या." फटीत फक्त त्याचाच हात मावायचा. डंकन सात वर्षांचा होता. पालथा पडला, खांद्यापर्यंत हात घातला, आणि बाहेर काढला तो बदकाच्या डोक्यासारखं सोनं घेऊन. त्याचा चेहरा मी अजून विसरले नाही. ओरडला, "आई, बदक!"

त्या दिवसापासून कुणी फळीला हात लावला नाही. प्रत्येकाला वाटायचं, दुसऱ्यानं काढली तर त्याला सापडेल. म्हणून सभेनं ठरावच केला: कुणीच काढायची नाही. इमारत वाचली. मी आठवडाभर एकटीच हसत होते. लॉकलन हसला नाही. तो म्हणाला, "पोराला तरी खरं सांग." मी म्हटलं, सांगेन की मोठा झाल्यावर. मग सांगायची राहून गेले. गंमत इतकी चांगली जमली होती. आणि बदकाचं विचारलं तर, सभेनं जप्त केलं, अशी आणखी एक थाप मारली.

आता खरं. खाली काही नाही. चार वर्षांचा केर मी धुतलाय. एकोणीसशे आठला निघालेली सगळी माती लॉकलननं परातीत धुतली. त्यातून औषधाची एक लहान बाटली भरली, तिचे छताचे पत्रे आले. पावसात तेच वाजतात. याहून जास्त सोनं या जागेत कधी नव्हतं.

कलम सातवं, म्हणून माझी इच्छा. इंपीरियल थिएटर, खालच्या जमिनीसह, बारा झरोक्यांसह, एलायझा सायलस हिला. जागा तिच्या आजीची होती, इमारत आजीच्या अकलेवर उभी आहे, आणि गावात ऑक्टोबर-एप्रिल पाळणारी तीच आहे. तिनं तिथं नाटक करावं, लग्नं लावावीत, नाहीतर मासे वाळवावेत.

कलम आठवं, साक्षीदार. वकिलानं पत्रात लिहिलंय की दोन साक्षीदार हवेत, दोघंही एकाच वेळी समोर, आणि ज्याला काही मिळणार त्याची किंवा त्याच्या जोडीदाराची सही चालत नाही. केली तर त्याचा हिस्सा बुडतो. हाउगेन यांची गादी बुडाली म्हणायची. ते म्हणतात, "जांभईची फिटंफाट झाली." एलायझा आणि तिचा नवरा बाद. म्हातारा पिएर आंधळा. कॉन्स्टेबल गस्तीवर, तीन आठवडे परतत नाही, आणि माझ्याकडे तीन आठवडे दिसत नाहीत. सात माणसांत उरला एकच. डंकन.

मी त्याला न वाचता सही करायला सांगू शकले असते. साक्षीदारानं वाचायलाच हवं असं नाही, वकिलानं तेही लिहिलंय. आणि हा मोह मला दोन दिवस झाला, खोटं कशाला बोलू. पण त्याला एकदा फसवलंय, तेवढं पुरे. हे सगळं मी त्याला वाचून दाखवणार आहे.

पुढचं दुपारी लिहितेय, वाचून झाल्यावर. जसं बोलणं झालं तसं.

डंकन बूट न झाडता आत आला. म्हणाला, "हाउगेन इथं कशाला?"

"मला मरताना बघायला. तिकीट काढून बसलेत."

"आई, कामाचं बोल."

मी वाचलं. खोकला आला तिथं शेजारी बसलेल्या एलायझानं पाणी दिलं. सहाव्या कलमाला तो उभा राहिला. आठवं संपेपर्यंत उभाच.

"म्हणजे मी सही केली तर थिएटर एलायझाचं."

"हो."

"आणि नाही केली तर?"

"तर हा एका सहीचा कागद. शेगडीत घाल. तू एकुलता एक, सगळं आपोआप तुझं."

"आणि हे तूच मला सांगतेस."

"मीच."

"ही पण पेरणी असेल. खाली सोनं आहे, म्हणूनच तू नाही म्हणतेस."

मला हेच येणार हे माहीत होतं. आयुष्यभर थापा मारणाऱ्या बाईनं खरं बोलायचं तर तिच्यावर विश्वास कुणी ठेवायचा. मी उशीखालून रुमाल काढून त्याच्या हातात दिला. त्यात ब्रोच. लॉकलननं खडा त्याच आठवड्यात परत बसवला होता, आणि छत्तीस वर्षं मी तो एकदाही लावलेला नाही.

डंकननं खिडकीपाशी नेऊन बघितलं. चोचीवरून अंगठा फिरवला. मग तळहातावर उपडा ठेवून मूठ मिटली, लहानपणी मिटली होती तशीच.

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांनीच काढून दिला, त्यांनीच बसवला. मधले आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत."

"छत्तीस वर्षं, आई."

 

मी म्हटलं, "ब्रोच तुझा. मृत्युपत्रातून नाही देत, आत्ता हातात देतेय, म्हणजे सही केलीस तरी बुडणार नाही. बाबांचा ओळंबाही तुझा. जाऊन काढून घे."

डंकननं ब्रोच खिशात टाकला. आत स्टेजवर गेला. पावलं मधल्या तुळईखाली थांबली. ओळंब्यापाशी उभा असावा. मग खुंटीवरून हातोडा काढल्याचा आवाज आला आणि बाहेरचं दार आपटलं.

एलायझा उठायला लागली. मी तिला बसवलं. हातोड्याला दोन बाजू असतात. एकीनं ठोकतात, दुसरीनं उपटतात. तो स्टेजच्या फळ्यांना हात घालणार असेल तर तेही आत्ताच कळेल. हाउगेन चहा विसरलेत. मी हे लिहितेय, कारण हाताला काहीतरी काम हवं.

इतक्या थंडीत लाकडातून खिळा निघाला की किंचाळतो. लॉकलनची बायको आहे मी, ठोकलेला खिळा आणि उपटलेला खिळा मला झोपेतही वेगळा ओळखू येतो.

एक किंचाळला. उत्तरेच्या बाजूला.

थांबलाय.

पुन्हा एक. एलायझा बोटांवर मोजतेय.

फरशीखालून वारा आला. माझे पाय गार पडले. इतकं बरं मला महिनोन्‌महिने वाटलं नव्हतं.

या कागदातलं सगळं मी शुद्धीत, आणि निदान या वेळी तरी, खरं लिहिलंय.

सही: युफेमिया मॅकआयझॅक
ठिकाण: इंपीरियल थिएटर, ग्रेलिंग लँडिंग, युकॉन
दिनांक: ६ मार्च १९५४

आम्ही दोघं एकाच वेळी हजर असताना एफीबाईंनी आमच्यासमोर सही केली, आणि मग आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार पहिला: ओलाफ हाउगेन, पोस्टमास्तर. (जांभई नव्हती.)

साक्षीदार दुसरा: डंकन मॅकआयझॅक. सगळं वाचून दाखवलेलं ऐकलं. बाराही झरोके उघडे आहेत. ब्रोच घेतला. ओळंबा घेतला नाही, जिथं आहे तिथंच टांगलेला राहू दे. एलायझाची हरकत नसेल तर पहिल्या जूनला खिळा मी ठोकेन.